हितं नुसता चिखल हाय

माझ्या भावाचा ब्लॉग अजून चालू आहे. भाऊ नाही, ब्लॉग आहे. उजव्या कोपऱ्यात त्याचा फोटो, चष्मा कपाळावर सरकवलेला, आणि खाली लिहिलंय, ‘पनवेलला राहतो. खाडीबद्दल लिहितो.’ राहतो, लिहितो! माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या पानाला कुणी कळवलेलंच नाही. मी कधीतरी उघडते आणि चटकन बंद करते. दादा तिकडून बघतोय असं वाटतं, आणि मला ते सहन होत नाही.

दादा न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात कागदपत्रांचं काम करायचा. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी अंगावर ट्रकांची धूळ घेऊन परत. आंघोळ, चहा, की स्वारी कॉम्प्युटरपुढे. ब्लॉगचं खूळ तेव्हा नवं होतं. आमच्या खाडीचा एक कोपरा भरून तिथं गोदामं आणि रस्ता करायचा घाट घातला गेला होता, आणि दादाने त्यावर लिहायला सुरुवात केली. लिहायचा झकास, हे मान्य. कुणाचीही भीडभाड नाही. आमदार असो, साहेब असो, सरळ धुवून काढायचा. खाली प्रतिक्रिया यायच्या पुण्याच्या, अमेरिकेच्या. ‘अप्रतिम लेख!’ ‘डोळे पाणावले!’

“पाणावलेले डोळे मोर्चाला येणार आहेत का?” मी विचारायची.

“तू आपली मसाला वाट,” तो म्हणायचा.

कारण मी रेडिओवर होते. म्हणजे नोकरी कॉलेजच्या ऑफिसात, पण कॉलेजला छोटं रेडिओ केंद्र मिळालं आणि बोलायला कुणी तयार होईना, तेव्हा माझ्या गळ्यात पडलं. मागची एक खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, एक पंखा आणि तोही बोलताना बंद करायचा. आवाज फार लांब जायचा नाही, कर्नाळ्याच्या अलीकडेच जीव सोडायचा. प्राचार्यांनी पहिल्या दिवशी बजावलं, “बातम्या नकोत, राजकारण नको, कुणाच्या भावना दुखावतील असं काही नको.” मी म्हटलं, “मग उरलं काय, सर?” त्यांनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, “स्वयंपाक.”

तर स्वयंपाक. कार्यक्रमाचं नाव ‘आज काय शिजलं?’ दुपारी, भांडी घासून झाल्यावरच्या वेळेला. बायका फोन करायच्या, कालवण सांगायच्या, आणि कालवण सांगता सांगता सगळं जग सांगून मोकळ्या व्हायच्या. नळाला पाणी नाही, मुलगा बंदरावर लागला, जमीन मोजायला कोण आलं होतं, कुणी सही केली, कुणी नाही केली. मी मध्ये मध्ये “बरं, मग मीठ किती?” असं विचारत राहायची, की झालं, कार्यक्रम स्वयंपाकाचा!

खाडीकाठच्या वाडीतल्या कोळणींना यातूनच कळलं की शेजारच्या वाडीलाही तीच नोटीस आलीय. तोवर प्रत्येकीला वाटत होतं, आपल्यावरच घाला आलाय. तहसील कचेरीवर जायचं ठरलं तेव्हा मोर्चा हा शब्द मला उच्चारता येईना. मी सांगितलं, बुधवारी सकाळी मासळी बाजारापाशी हळदीकुंकू आहे, सगळ्यांनी यायचं. बाजारापासचा रस्ता भरून गेला, अहो! हवालदार विचारतोय, कसली गर्दी, आणि बायका त्याला म्हणतायत, हळदीकुंकू हाय, तुमी कशाला आलात? दादाने त्याच मोर्चावर भलामोठा लेख आठवडाभर आधी टाकला होता. तो वाचून दोघं आले. त्यातल्या एकाकडे कॅमेरा होता.

“बघ,” मी दादाला म्हटलं.

“तुझं बोलणं संध्याकाळपर्यंत हवेत विरलं,” तो म्हणाला. “माझं राहील.”

ते राहिलंच. 

आमच्याकडे चिंबोऱ्या द्यायला एक काकी यायची. खाडीकाठच्या त्याच वाडीतली. दोरीनं नांग्या बांधलेल्या, काळ्या, भरलेल्या चिंबोऱ्या. आई दर वेळी विचारायची, “कुठून आणल्यास गं?” आणि काकी दर वेळी वेगळं सांगायची. एकदा उरण, एकदा न्हावा. एकदा तर कर्नाळ्याच्या डोंगरातनं आणल्या म्हणाली आणि स्वतःच पोट धरून हसली. त्यांच्यात रीतच आहे ती. मासळी कुठं लागते ते तोंडानं सांगायचं नाही. शेजारणीला नाही, बहिणीला नाही. लग्न झालं की सासू सुनेला ओहोटीला घेऊन जाते, चिखलातून चालत, आणि नुसतं बोट दाखवते. त्या बोटाबरोबर ती जागा पुढच्या पिढीकडे जाते. विचारलंच कुणी, तर लांबची जागा सांगायची आणि हसायचं. विचारणाराही हसतो. यात खोटं बोलल्याचं पाप कुणाला लागत नाही, कारण फसत कुणीच नाही.

मासळी बाजाराजवळ एका कोकणी मुसलमान चाचांचं रिचार्जचं दुकान होतं. ते आमचा कार्यक्रम मोठ्यानं लावायचे आणि बायकांना दुकानातला फोन द्यायचे. “बोला बोला, बिनधास्त बोला, लाइन लागली.” त्या दुपारी तिथून काकीचा फोन आला. चिंबोऱ्यांचं कालवण तिनं असं सांगितलं की पंखा बंद असलेल्या खोलीत मला भूक लागली. आणि मी आईसारखंच विचारलं, “काकी, एवढ्या भरलेल्या चिंबोऱ्या मिळतात कुठं हो?”

“उरनवरनं आनतो गो बाय. हितं काय हाय? हितं नुसता चिखल हाय!”

आणि हसली. काय हसली! छातीतून, खोकला लागेपर्यंत. तिच्या मागे दुकानातल्या बायका हसल्या, चाचा हसले, इकडे मी हसले. ऐकणारी प्रत्येक बाई घरात हसली असेल. त्या हसण्यात सगळं आलं होतं. इथंच मिळतात, भरपूर मिळतात, आणि आम्ही सांगणार नाही जा!

दादाला ते फार आवडलं. ‘खाडीकाठचे आवाज’ म्हणून तो बायकांचं बोलणं ब्लॉगवर उतरवून ठेवायचा, अगदी त्यांच्या बोलीत, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. मी बोलणारी, तो जपणारा, अशी वाटणीच झाली होती. काकीचं बोलणं त्याने सीडीवरून पुन्हा पुन्हा ऐकून लिहून काढलं. आधी कंसात ‘हसतात’ असं घातलं होतं. मग म्हणाला, नाटकाच्या संहितेसारखं दिसतंय, आणि काढून टाकलं. मलाही ते तेव्हा बरोबरच वाटलं. केंद्रातल्या सीड्यांवर पुढच्या महिन्यात दुसरे कार्यक्रम चढले. हसणं तेवढं पुसलं गेलं.

पुढे जनसुनावणी झाली. शाळेच्या मैदानात मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या सुनावणी घेणाऱ्या साहेबांपुढे आणि पिंप लोकांना. दोन्ही वाड्यांच्या बायका मासळीच्या पाट्या घेऊनच आल्या होत्या, बाजार करून सरळ मांडवात. प्रकल्पाच्या बाजूचा एक माणूस उठला. अगदी मऊ आवाजाचा. म्हणाला, या भागात मासेमारी होत नाही हे आम्ही म्हणत नाही, इथल्या भगिनी स्वतः म्हणतात. आणि हातातल्या कागदावरून वाचलं, ‘हितं काय हाय? हितं नुसता चिखल हाय.’ खाली दादाच्या ब्लॉगचं नाव होतं. तेही वाचलं. विश्वासार्ह स्थानिक लेखक, असं म्हणाला दादाला!

दादा माझ्या शेजारी बसला होता. त्याने चष्मा काढून हातात धरला. इतका पांढराफटक पडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

साहेबांनी विचारलं, “या बाई कोण? आल्यात का?”

काकी उठली. कुणीतरी तिच्या हातात माइक दिला.

“हे तुम्ही बोललात?”

“बोलले.”

“मग?”

“त्ये हसून बोलले, सायेब.”

मांडवात खसखस पिकली. साहेब कागद वरखाली बघत म्हणाले, “यात तर हसल्याचं काही नाही.” माणूस वाईट नव्हता, तेच तर दुःख आहे. ते पुढे झुकून म्हणाले, “बरं, ठीक. इथे चिंबोऱ्या मिळतात का?”

“मिलतात.”

“कुठे मिळतात ते नेमकं सांगा. जागा सांगा. मी आत्ता लिहून घेतो, सगळ्यांसमोर.”

काकीने समोर पाहिलं. समोर शेजारच्या वाडीच्या बायका बसल्या होत्या. उभा जन्म ज्यांना तिनं कर्नाळ्याचा डोंगर सांगितला, त्याच. मागे तिच्याच वाडीच्या. सगळ्यांचे कान टवकारलेले. तिनं माइक दोन्ही हातांनी धरला. तोंड उघडलं. लाउडस्पीकरमधून तिचा श्वास ऐकू येत होता, बाकी काही नाही. रेडिओवर एवढी शांतता झाली असती तर आम्ही गाणं लावलं असतं. “सांगा काकी, सांगा हो,” मी खालून म्हणत होते. खाडी वाचण्याची तेवढी एकच वेळ होती, हे मला कळत होतं आणि तिलाही कळत होतं. पण तिच्या सासूनं दाखवलेलं बोट, त्या सासूच्या सासूनं दाखवलेलं बोट, ते सगळं त्या माइकमध्ये ओतायचं म्हणजे!

“हितंच,” ती शेवटी म्हणाली. “आसपास.”

साहेबांनी कारकुनाला सांगितलं, “लिहा, जागा सांगता आली नाही.” ते वाक्यही लाउडस्पीकरवरूनच गेलं.

त्यानंतर वाडीने जे केलं त्याची मला आजही चीड येते. म्हणे हिनंच खाडी घालवली. हिनंच रेडिओवर चिखल चिखल केलं. अगं, तुम्ही दुकानात तिच्या मागे उभ्या राहून खिदळत होतात ना? तुमच्यापैकी एकीने तरी मांडवात तोंड उघडलं का? तुम्हालाही जागा ठाऊक होत्या की! पण नाही. नळावर काकी आली की बोलणं थांबायचं. कुणी पैसे खाल्ले म्हणालं. ब्लॉगवर त्या लेखाखाली घाणेरड्या प्रतिक्रिया येऊ लागल्या, तिच्याबद्दल, तिच्या घरच्यांबद्दल. दादा यार्डातून आला की त्या पुसत बसायचा. शेवटी त्याने तिथं कुलूप घातलं. त्याने स्वतः वाचून हो म्हटल्याशिवाय कुणाचीही प्रतिक्रिया दिसणार नाही.

“तो लेखच काढून टाक ना,” मी म्हटलं.

“काढला तर म्हणतील, पुरावा लपवला. तिनं खरं सांगितलं की त्याच्याखाली खरं लिहीन. मोठ्या अक्षरात.”

दर रविवारी तो वाडीत जायचा. काकीच्या ओट्यावर बसायचा. ती चहा द्यायची आणि सांगायची नाही. एकदा मीही गेले होते. दादा तिला विनवत होता, अगदी हात जोडून, आणि ती म्हणाली, “आरं, खाडी अजून हाय ना रं. हाय तवर कशी सांगू?”

तिचंही खरं होतं.

दादा यार्डातच गेला. जेवणाचा डबा उघडायच्या आधी छातीत कळ आली, तिथंच संपलं. त्याच्या कॉम्प्युटरच्या कडेला चहाच्या कपाचा गोल डाग होता तो मी महिनोन्‌महिने पुसला नाही. ब्लॉगचा पासवर्ड काय होता ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आईचं नाव घालून पाहिलं, आमच्या जुन्या कुत्र्याचं नाव घालून पाहिलं, खाडीचं, वाडीचं, माझं. तेही नव्हतं.

मग मुरमाचे ट्रक आले. एकामागून एक, धुरळा उडवत. तिवरांची झाडं आधी पिवळी पडली, मग काळी, मग दिसेनाशी झाली. आता तिथं रस्ता आहे. त्यावरून रिक्षा गेली की मी डोळे मिटून घेते. पाण्याखाली गावं गेलेली ऐकली होती, इथं पाणीच मातीखाली गेलं. कधी कधी इंजिनाच्या घरघरीत मला तो खोकल्यापर्यंत जाणारा हसण्याचा आवाज ऐकू येतो. कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील.

आमचा कार्यक्रमही बंद पडला. काकी मात्र येत राहिली. आता ती खरोखर उरणवरून चिंबोऱ्या आणते, पहाटे टेम्पोनं, व्यापाऱ्याकडून. आई आता काही विचारत नाही.

एका दुपारी तिनं पाटी उतरवली आणि उंबऱ्यात बसली. “गो बाय, तुज्या भावाच्या त्याच्यावर माजा खोटा बोल अजून हाय ना?”

“आहे.”

“मी मेल्यावर बी ऱ्हाईल?”

मी पाटीतल्या चिंबोऱ्या मोजू लागले.

“लिही मग,” ती म्हणाली. “आता लपवून कोनाला देऊ?”

मी माझ्या मोबाइलवर तो लेख उघडला, खालच्या चौकटीत टाइप करायला लागले, आणि ती सांगत गेली. डोळे मिटून, बोट हवेत धरून. मोठ्या उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, डाव्या अंगाला, वाकड्या तिवराच्या मुळात. फुटक्या बांधाच्या आत, जिथं पाय गुडघ्यापर्यंत जातो तिथं. बाया बसायच्या त्या खडकाच्या मागे, पण नुसत्या अमावस्येच्या ओहोटीला. एकेक जागा सांगताना ती थांबायची, आजूबाजूला कुणी ऐकतंय का पाहायची, आणि मग आठवल्यासारखी पुढे सांगायची. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी टाइप करत होते. शेवटी म्हणाली, “आनि लिही, त्या दिवशी मी हसत व्हते.”

तेही लिहिलं आणि पाठवलं. मजकूर लगेच लेखाखाली उमटला. त्याच्यावर बारीक अक्षरात एक ओळ आली. लेखकाने मान्यता दिल्यावर ही प्रतिक्रिया सर्वांना दिसेल.

काकीला वाचता येत नाही. तिनं विचारलं, “लागला? दिसतंय समद्यांना?”

“दिसतंय,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणू? ती वरची ओळ गाळून मी तिला सगळं वाचून दाखवलं. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकलं, देवळात ऐकतात तसं. पुढे ती येईल तेव्हा म्हणायची, वाच गो एकदा. मी वाचायची. फक्त माझ्याच फोनवर ते दिसत होतं.

परवा ती नव्या सुनेला घेऊन आली. चांगली शिकलेली मुलगी. हिला बोट दाखवायला जागाच उरली नाही, म्हणून इथं आणली असणार. “हिला दाव,” काकी म्हणाली. “वाडीत समद्यांना वाचून दावंल ही.” मी माझा फोन पुढे करणार, एवढ्यात सून म्हणाली, “थांबा ताई, माझ्यावरच काढते.” तिनं खाडीचं नाव टाकलं आणि तो लेख क्षणात वर आला. ती मोठ्याने वाचू लागली. “हितं काय हाय? हितं नुसता चिखल हाय.”

“त्ये नको. फुडं वाच.”

सुनेनं बोटानं पान वर सरकवलं, आणखी सरकवलं. “फुडं काय नाय, आई.”

काकीनं माझ्याकडे पाहिलं. मग मी सगळं सांगितलं, कुलूप काय, ते कुणी घातलं, आणि कुणी हो म्हटल्याशिवाय तिचं खरं कुणालाच दिसणार नाही. तिनं सुनेच्या हातातून फोन घेतला. कोपऱ्यातला दादाचा फोटो पदरानं पुसला.

“मग त्याला सांग ना गो,” ती म्हणाली.